शेतकऱ्याचें वाहन : पिकअप कीं व्हॅन?

पूर्वी बैलगाडी हें शेतकऱ्याचें एकच वाहन असे. त्याच गाडीनें तो शेणखत रानांत नेई, त्याच गाडीनें धान्य बाजारास पोंचवी, आणि जत्रेचा दिवस आला कीं तिच्यावरच तट्ट्याचें छप्पर घालून घरच्या मंडळींस देवदर्शनास घेऊन जाई. एका वाहनानें सर्व कामें भागविण्याची ही रीत आपल्या अंगीं मुरलेली आहे. म्हणूनच आज चारचाकी घेण्याची ऐपत आलेला शेतकरी विक्रेत्याकडे जातो तेव्हां पहिला प्रश्न हाच विचारतो कीं, माल आणि माणसें दोन्ही वाहील असें तुमच्याकडे काय आहे?

बैलगाडीच्या बाबतींत हा प्रश्न योग्य होता. तिचा वेग ताशीं दोन-तीन मैलांचा. ती कलंडली तरी माणसें धूळ झटकून उठत. मोटारीच्या बाबतींत मात्र हाच प्रश्न कधीं पैशाच्या नुकसानीस, तर कधीं प्राणहानीस कारण होतो. माल वाहणारी पिकअप आणि माणसें वाहणारी व्हॅन हीं दोन निराळीं वाहनें आहेत. त्यांची घडण निराळी आहे आणि त्यांचा कायदाहि निराळा आहे. यांपैकीं कोणतें चांगलें, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. आपल्या घरीं वर्षांतून कोणत्या प्रकारच्या किती खेपा होतात, हें अगोदर मोजलें पाहिजे.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. यंत्रशास्त्र आम्हांस अवगत आहे असा आमचा दावा नाहीं. परंतु रकाने पाडून नोंदी ठेवणें आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करणें एवढें आम्हांस येतें, व वाहन निवडतांना याच विद्येचा उपयोग अधिक होतो असें आमचें मत आहे.

दोन्ही गाड्यांची घडण

व्हॅन ही मुळांत माणसें बसण्याची बंद गाडी. आपल्याकडे तिची ओळख १९८४ सालीं मारुतीच्या व्हॅननें करून दिली. पुढें तीच 'ओम्नी' या नांवानें गांवोगांव प्रसिद्ध झाली व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. २०१० पासून विकली जाणारी 'ईको' ही आज तिची जागा चालवीत आहे. तिचें इंजिन सुमारें १,२०० घन सेंटिमीटरचें असून तें पुढच्या बैठकीखालीं असतें. दारें बाजूस सरकतात व तळ ठेंगणा असतो, त्यामुळें पोतें आंत ठेवण्यास फारसे श्रम पडत नाहींत. ऊन, पाऊस व धूळ यांपासून माल आणि माणसें दोहोंचें रक्षण होतें. परंतु माणसें व माल मिळून अर्ध्या टनाच्या आसपासच ओझें ती वाहूं शकते. वायूवर चालणारी घेतली तर मागची बरीच जागा टाकीच अडविते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

पिकअप ही उघड्या हौद्याची मालगाडी. २००५ सालीं आलेल्या टाटा एस या गाडीस लोकांनीं 'छोटा हत्ती' हें नांव दिलें. ती सुमारें पाऊण टन ओझ्याची. तिच्याहून मोठी अशी महिंद्राची बोलेरो पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत निरनिराळ्या प्रकारांत मिळते, आणि तिच्या मोठ्या प्रकारांत हौदा दहा फुटांपर्यंत लांब असतो. चालकाच्या खोलींत त्याच्याखेरीज एक किंवा दोन माणसें बसतात. मागें कमान-पाटे बसविलेले असल्यामुळें भरल्या गाडीची चाल बरी असते. रिकामी गाडी मात्र उसळते. ओल्या काळ्या रानांत रिकाम्या पिकअपचीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरतात, कारण त्यांवर दाब नसतो. पावसाळ्यांत ताडपत्रीवांचून तिचा उपयोग नाहीं.

आतां हें ओझें गोण्यांत मोजूं. व्हॅनच्या अर्ध्या टनांतून चालक व एक सोबती यांचे सव्वाशें किलो वजा केले तर कांद्याच्या ५० किलोच्या ७ गोण्या बसतील. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. तशा ८ बसतील. तेंच १,७०० किलोच्या पिकअपमध्यें कांद्याच्या ३४ गोण्या जातात. म्हणजे खत, बियाणें, पेंडीचीं दोन-चार पोतीं, मोटर-पंपाची दुरुस्ती हीं कामें व्हॅन सुखानें करील. बाजाराचा माल नेणें हें तिचें काम नव्हे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. व्हॅनची हवा कोंडलेली असते. कीटकनाशकांचे डबे व माणसें, विशेषतः मुलें, एकाच वेळीं तींत कधींहि नेऊं नयेत. डबा सांडला तर त्याचा अंश बैठकींत मुरतो व वास कित्येक दिवस जात नाहीं. हीं द्रव्यें आणणें असेल तर माणसांची खेप निराळी करावी.

खेपांची नोंदवही

वाहन घेण्याचा विचार मनांत आला कीं प्रथम एक वही करावी व तींत वर्षभर प्रत्येक खेप लिहावी. रकाने असे पाडावे : तारीख, काय नेलें, वजन, किती माणसें, अंतर, दिलेलें भाडें, आणि शेवटचा रकाना खोळंब्याचा, म्हणजे भाड्याची गाडी वेळेवर न मिळाल्यानें किती नुकसान झालें तो. पीकपाहणी जशी बांधावर उभें राहून करावयाची असते, घरीं बसून अंदाजानें नव्हे, तशीच ही नोंद त्याच दिवशीं करावी. मनुष्याची आठवण मोठी पक्षपाती असते. ज्या दिवशीं टेंपो मिळाला नाहीं तो दिवस वर्षभर लक्षांत राहतो. ज्या चाळीस दिवशीं तो बिनबोभाट मिळाला ते कोणास आठवत नाहींत.

वर्षाअखेर दोन बेरजा कराव्या. जें ओझें व्हॅनमध्यें मावलें नसतें, त्याच्या खेपेस 'माल-खेप' म्हणावें. जेव्हां चालक धरून तिघांहून अधिक माणसें एकत्र गेलीं, म्हणजे पिकअपच्या खोलींत तीं मावलीं नसतीं, त्या खेपेस 'माणूस-खेप' म्हणावें. तालुक्यास एकट्यानें जाणें किंवा दोन गोण्या खत आणणें या खेपा कोणत्याहि गाडीनें होतात. त्या दोन्ही बेरजांतून वगळाव्या. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो याच जागीं. गाडी शंभर वेळां बाहेर पडली म्हणजे शंभर खेपांनीं तिची निवड ठरत नाहीं. ज्या खेपा एकीनेंच होतात व दुसरीनें होत नाहींत, त्यांनींच निवड ठरते.

हिशेबाचा नमुना

पुढील आंकडे केवळ नमुन्याचे व सोयीसाठीं पूर्ण धरलेले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे घालावे.

समजा, पिकअपला १०,००,००० रुपये पडले आणि दहा वर्षांनीं ती २,५०,००० रुपयांस गेली. म्हणजे दरसालची झीज ७५,००० रुपये. गुंतलेली रक्कम सरासरी ६,२५,००० धरली तर तिच्यावर द.सा.द.शे. ९ प्रमाणें व्याज ५६,२५० रुपये. विमा, कर व तपासणी मिळून ३५,००० धरूं. एकूण १,६६,२५० रुपये. चाक फिरो वा न फिरो, हा खर्च चुकत नाहीं.

व्हॅनला ६,००,००० पडले व ती १,५०,००० ला गेली तर झीज ४५,००० रुपये. सरासरी ३,७५,००० वर व्याज ३३,७५०. विमा वगैरे १५,०००. एकूण ९३,७५० रुपये. दोहोंतील अंतर वर्षास ७२,५०० रुपयांचें झालें.

आतां बाजाराच्या एका खेपेस भाड्याची पिकअप २,५०० रुपये घेते आणि घरची असतां डिझेल, चालक व झीज धरून १,३०० रुपये लागतात असें समजूं. म्हणजे दर माल-खेपेस घरची पिकअप १,२०० रुपये वांचविते. उलट, पिकअप असलेल्या घरास माणसांसाठीं भाड्याची गाडी सांगावी लागते. तिला २,००० रुपये पडतात व घरची व्हॅन तेंच काम ८०० रुपयांत करते असें धरलें तर दर माणूस-खेपेस व्हॅनहि १,२०० रुपयेच वांचविते. ७२,५०० ला १,२०० नीं भागिलें तर भागाकार ६० च्या किंचित् वर येतो.

यावरून सूत्र असें निघतें : माल-खेपांतून माणूस-खेपा वजा कराव्या, बाकी ६० हून अधिक उरली तर पिकअप घ्यावी, कमी उरली तर व्हॅन घेऊन माल भाड्याच्या गाडीनें पाठवावा. वर्षास ९० माल-खेपा व २० माणूस-खेपा असणाऱ्यास बाकी ७०. त्यानें पिकअप घ्यावी. ४० माल-खेपा व २५ माणूस-खेपा असणाऱ्याची बाकी १५. त्यास पिकअप परवडणार नाहीं. खोळंब्याच्या रकान्यांत जी खरी रक्कम जमेल, ती ७२,५०० मधून वजा करून मग भागाकार करावा. नाशवंत माल पिकविणाऱ्यास या रकान्याचें महत्त्व फार आहे. आणि दोन्ही प्रकारच्या खेपा मिळूनहि थोड्याच भरत असतील, तर दोहोंपैकीं एकहि गाडी न घेणें हेंच शहाणपणाचें होय. हें उत्तर कोणी विक्रेता देणार नाहीं म्हणून आम्हीं येथें लिहून ठेवितों.

कित्येक म्हणतील कीं, पिकअप रिकामी असतांना गांवचें भाडें मारतां येईल. मारतां येईल खरें. परंतु तो वाहतुकीचा निराळा धंदा झाला. त्यास चालक पाहिजे, वेळ पाहिजे, आणि उधारी वसूल करण्याची चिकाटी पाहिजे. वहींत जमेस धरावयाचें तें हातीं आलेलें भाडें. येणें असलेलें नव्हे.

पिकाप्रमाणें उत्तर बदलतें

वरील सूत्र एकच असलें तरी प्रत्येक पिकास निराळें उत्तर येतें. टोमॅटोची तोडणी एकदां सुरू झाली कीं दर दोन-चार दिवसांनीं माल नारायणगांव, पिंपळगांव बसवंत अशा बाजारपेठांत न्यावा लागतो, आणि तोडलेला माल थांबत नाहीं. असे दोन हंगाम व मध्यें कोबी, फ्लॉवर, मिरची घेणाऱ्याच्या माल-खेपा वर्षास सहज साठ-सत्तरांपुढें जातात. फुलें व पालेभाजी यांची खेप जवळजवळ रोजची. यांस पिकअप ही चैन नव्हे. तें अवजार आहे.

सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा करणाऱ्याचें तसें नाहीं. त्याचा माल टिकाऊ. तो वर्षांतून थोड्याच खेपांत बाजारीं जातो, आणि त्या दिवशीं भाड्याचा ट्रॅक्टर किंवा टेंपो सांगतां येतो. उसाची तोडणी व वाहतूक बहुधा कारखान्यामार्फत होते. तेथें पिकअपचें काम पडत नाहीं. द्राक्षें पुष्कळदां व्यापारी बागेंतूनच उचलतो. दूध गांवच्या संस्थेंत जमा होत असेल तर त्यासहि चारचाकी नको. अशा घरांत चारचाकीचा खरा उपयोग म्हणजे दवाखाना, शाळा, लग्नकार्य व नातेसंबंध. आणि हीं सर्व व्हॅनचीं कामें आहेत. ज्याच्या घरीं कांदा चाळींत भरला जातो व दर पाहून थोडाथोडा विकला जातो, त्याचें घर मध्यावर असतें. त्यानें वहीवांचून निर्णय करूं नये.

कायदा आणि विमा

या प्रकरणीं बहुतेकांचें अज्ञान असतें, आणि तें फार महाग पडतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मालवाहू गाडी ही परिवहन वाहनांत मोडते, मग ती भाड्यानें द्या अगर केवळ घरचाच माल वाहा. म्हणून तिची पाटी पिवळी असते व तिला योग्यता-प्रमाणपत्र लागतें. नव्या गाडीस तें दोन वर्षांचें मिळतें. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं व त्यानंतर दरसाल तें नवें करावें लागतें. खाजगी व्हॅनची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची असते. ज्या मालगाडीचें भरल्या स्थितींतील एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नाहीं, तिला त्याच कायद्याच्या ६६ व्या कलमानें परवान्यांतून सूट आहे. पिकअपचे कांहीं प्रकार या मर्यादेच्या आंत व कांहीं बाहेर आहेत. म्हणून पैसे देण्यापूर्वी हा आंकडा कागदावर स्वतः वाचावा.

चालकाच्या अनुज्ञप्तीविषयीं पूर्वी फार घोळ होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें असा निर्णय दिला कीं, हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेला मनुष्य ७,५०० किलोंहून कमी एकूण वजनाचें परिवहन वाहन निराळ्या शेऱ्यावांचून चालवूं शकतो. यामुळें घरचा मुलगा घरची पिकअप चालवितो एवढ्याच कारणानें विमा नाकारला जाण्याची भीति गेली.

व्हॅनच्या बैठकी कायमच्या काढून तिची मालगाडी करणें हा नोंदणींतील तपशिलाचा बदल आहे. ५२ व्या कलमान्वयें तो परस्पर करतां येत नाहीं. पिकअपमध्यें मर्यादेबाहेर माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड व वरच्या दर टनास आणखी २,००० रुपये पडतात, आणि जादा माल जागेवर उतरवावा लागतो. भाड्याची एक खेप वांचविण्यासाठीं असा दंड भरणें म्हणजे लाखाचे बारा हजार करणें होय.

कराच्या बाजूनें पाहतां, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडी आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची, चार मीटरपर्यंत लांबीची मोटार या दोहोंवर वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला. या मर्यादेबाहेरील मोठ्या मोटारींवर तो ४० टक्के आहे. ईको मर्यादेच्या आंत बसते. अर्टिगासारखी मोठी सात बैठकींची मोटार बसत नाहीं. दोन-चार वेळां येणाऱ्या पाहुण्यांसाठीं मोठी गाडी घेणाऱ्यानें हें अंतर पाहावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिकअपच्या हौद्यांत माणसें बसवूं नयेत. हौद्यांत धरावयास कांहीं नसतें. उभ्या माणसांमुळें गाडीचा भार वर जातो, आणि चढावर किंवा वळणावर तोल गेला म्हणजे माणसें बाहेर फेंकलीं जातात. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं, श्रावणी सोमवारीं, पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांत कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या स्त्रियांची पिकअप डोंगराच्या रस्त्यावरून खालीं कोसळली व अनेक स्त्रिया प्राणास मुकल्या. त्या कोणा परक्या नव्हत्या. तुमच्या-आमच्या घरांतल्यासारख्याच कष्टकरी बाया होत्या, आणि वर्षांतून एकदां देवास निघाल्या होत्या.

विम्याचा आधार अशा वेळीं मिळेल असें कोणीं समजूं नये. मालगाडींत मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधि बसला असेल तर कायदा त्यास संरक्षण देतो. फुकट बसविलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें आशा राणी प्रकरणीं २००२ सालींच ठरविलें आहे. म्हणजे भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, पर्यायानें त्याच्या जमिनीवर येतो. सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढलेला आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. तो चढतो एका दिवसांत, उतरावयास पिढी जाते. शेजारधर्म म्हणून ज्यांनीं दहा माणसें मागें बसविलीं, त्यांनीं शेजाऱ्यांस व स्वतःच्या मुलांस, दोघांसहि संकटांत घातलें.

दोन्ही कामांची एक गाडी

'दोन्ही वाहील असें काय आहे' या प्रश्नास विक्रेते दुहेरी खोलीची पिकअप दाखवितात. हिचे दोन वर्ग आहेत. बोलेरो कॅंपरसारख्या गाडींत पांच माणसें खोलींत बसून मागें सुमारें एक टन माल जातो. ज्यास मजूर व अवजारें रोज बरोबर न्यावीं लागतात, त्यास ही खरोखर उपयोगी आहे. परंतु हौदा आंखूड झाल्यानें क्रेटची संख्या घटते, हें तिचें मोल समजून घ्यावें.

दुसरा वर्ग टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा पंचवीस-तीस लाखांच्या घरांतील गाड्यांचा. हा आकार परदेशांतून आलेला आहे. अमेरिकेंत तर अशा मध्यम पिकअप व घरगुती व्हॅन यांचा वाद जुनाच आहे, आणि तेथील व्हॅनच्या बाजूचे लोक एक मासलेवाईक दाखला देतात : आठ फूट बाय चार फुटांचा लांकडी तक्ता व्हॅनच्या मागच्या बैठकी काढल्या कीं आंत सपाट मावतो व दार लागतें, पांच फुटी हौद्याच्या पिकअपमध्यें मात्र तो मागें बाहेर राहतो. आपल्याकडे येणाऱ्या या गाड्यांचा हौदाहि पांच फुटांच्याच आसपास असतो. अवघड वाटेवर त्या उत्तम चालतात, यांत संशय नाहीं. परंतु त्याच पैशांत एक मालाची पिकअप व एक व्हॅन घेऊनहि पुष्कळ रक्कम शिल्लक राहते. रुबाबासाठीं घेणाऱ्यानें खुशाल घ्यावी. फक्त ती शेतीखर्चांत मांडूं नये.

सारांश

१. वाहनाची निवड खेपा मोजून करावी. शेजाऱ्याच्या दाराकडे पाहून करूं नये.

२. जीं कामें एकाच प्रकारच्या गाडीनें होतात, तींच मोजावीं. माल-खेपांतून माणूस-खेपा वजा करून उरलेल्या बाकीवरून निर्णय घ्यावा.

३. नाशवंत माल वारंवार बाजारीं नेणाऱ्यास पिकअप. टिकाऊ माल थोड्या खेपांत विकणाऱ्यास व्हॅन व भाड्याची गाडी. दोन्ही थोडें असणाऱ्यास केवळ भाड्याची गाडी.

४. एकूण वजन, बैठकींची संख्या व विम्याच्या अटी सही करण्यापूर्वी स्वतः वाचाव्या.

५. पिकअप घेतली तरी माणसें तिच्या हौद्यांत बसवूं नयेत. मजुरांस व यात्रेकरूंस न्यावयाचें असेल तर माणसांची गाडी भाड्यानें सांगावी. तें भाडें माणूस-खेपेच्या हिशेबांत अगोदरच धरलेलें आहे.

वही आजच घालावी. येत्या पाडव्यास गाडी घेण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांनीं निदान एका पुऱ्या हंगामाच्या नोंदी झाल्यावांचून विसार देऊं नये.